गंधर्व आणि भूत एकाच घरचे



गेले दोन महिने पापड-सांडग्यांच्या पलीकडे काही लिहिलं नाही म्हणून तिघी-चौघींनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. जे लिहायचं होतं ते कसं लिहावं हे सुचत नव्हतं, एवढंच.

झालं असं. १८ जानेवारीला, शनिवारी, मी सून आणि नातीबरोबर नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचा कार्यक्रम ऐकायला गेले. नातीने तिथे माझा फोटो काढला. अंगावर हिरवी इरकल, वर स्वेटर, मनगटावर लुकलुकणारा पट्टा आणि तोंड उघडं. सुनेने तो हौसेने आमच्या श्राविका मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वीस-पंचवीस अंगठे आले. मग एका ताईंचा मेसेज आला. नाव लिहीत नाही. वयाने आणि अभ्यासाने माझ्याहून मोठ्या आहेत, आणि माझं कधी वाईट चिंतणाऱ्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की दुःश्रुती म्हणजे काय हे आपण गेल्या चातुर्मासात वाचलं होतं ना? खाली जोडलेले हात.

वाचलं होतं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. अनर्थदंड म्हणजे ज्यातून पदरात काही पडत नाही आणि पाप मात्र लागतं असा फुकटचा व्यवहार. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे ही कल्पना मला पहिल्यापासून पटते. जमेला शून्य, नावे पूर्ण रक्कम. त्यातली दुःश्रुती म्हणजे मन मलिन करणाऱ्या गोष्टी ऐकत बसणं.

ताईंनी कोल्डप्लेवर बोट ठेवलं आणि मला हसू आलं, कारण माझ्या खातेवहीतली ती सर्वात निरुपद्रवी नोंद आहे. खरी नोंद ताईंना माहीतच नाही. मी चाळीस वर्षं भुताचे सिनेमे बघते आहे. आवडीने, निवडून, पुन्हा पुन्हा. आज इथे लिहूनच टाकते, म्हणजे लपवायचं काम संपलं.

माझं माहेर मिरजेचं. तिथे सतारी-तंबोरे करणाऱ्यांची आळी आहे. शाळेला जाताना भोपळे वाळत घातलेले दिसायचे आणि आतून कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसलेलं असायचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवत सरकवत अशी जागा शोधायची की सूर गुंजत राहतो. ती जागा सापडली की रस्त्यावरच्या पोरींनासुद्धा कळायचं. उरुसात दर्ग्याच्या आवारात गाण्याच्या मैफली होतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि मोठमोठे गवई तिथे हजेरी लावायला येतात. अण्णा आम्हा बहिणींना घेऊन जायचे. आई कुरकुरायची, जैनाच्या पोरी दर्ग्यात रात्रभर बसणार का म्हणून. अण्णा म्हणायचे, गाणं काय खायला घालतंय का? तू फक्त दिवस असेपर्यंत पोरींना जेवू घाल. तेव्हापासून आजपर्यंत मी कुठल्याही मैफलीला उपाशीपोटी गेलेली नाही.

आणि भीतीची ओळख कुठे झाली म्हणाल, तर बस्तीत. भिंतीवर दोन चित्रं होती. एक नरकाचं. माणसाला करवतीने चिरतायत, तापलेल्या खांबाला मिठी मारायला लावतायत. दुसरं मधुबिंदूचं, ते तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलं असेल. एक माणूस विहिरीवर झुकलेल्या वडाच्या पारंबीला लोंबकळतोय. वर हत्ती झाडाला धडका देतोय. पांढरा आणि काळा असे दोन उंदीर पारंबी कुरतडतायत, म्हणजे दिवस आणि रात्र. खाली चार साप आणि आ वासलेला अजगर. मोहोळ उठलंय, माश्या अंगभर डसतायत. आणि त्या मोहोळातून मधाचा एक थेंब जिभेवर पडतो, तर हा सगळं विसरून पुढच्या थेंबाची वाट बघत बसतो. विमानातून विद्याधर बोलावतोय, चल म्हणतोय, आणि हा म्हणतो, थांब, एवढा एक थेंब. मी सहा-सात वर्षांची असेन. अभिषेक चालू असताना माझी नजर त्या भिंतीवरच. आई डोकं धरून मूर्तीकडे वळवायची. पुढे पाहिलेल्या कुठल्याही सिनेमाने मला तेवढं घाबरवलं नाही.

पहिला म्हणावा असा सिनेमा १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’. वसंत जोगळेकरांचा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर. मी पंधरा वर्षांची. त्याची गाणी हृदयनाथ मंगेशकरांची, आणि आजही मराठी घराघरांत ती गाणी लोक आनंदाने गुणगुणतात. मला मात्र त्यातल्या एका रात्रीच्या गाण्याची चाल ऐकली की आमच्या टॉकीजपासून घरापर्यंतचा अंधारा बोळ आठवतो. तेव्हाच मनात एक पक्कं झालं, ते अजून बदललेलं नाही. भीती कानातून आत येते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

याचा सर्वात जुना आणि सर्वात चांगला पुरावा म्हणजे कमाल अमरोहींचा ‘महल’, १९४९ चा. त्यात मधुबाला झोपाळ्यावर बसून गाते त्या गाण्यावर खेमचंद प्रकाशांनी किती विचार केला होता बघा. आवाज लांबून येत येत जवळ यावा म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी लताबाईंना माइकपासून दूर उभं केलं आणि गात गात चालत पुढे यायला सांगितलं. लताबाईंनी स्वतःच ही आठवण सांगितलेली आहे. तेव्हाच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! वीस वर्षांची मुलगी, नाव नाही, नुसती पावलं टाकत येणारा आवाज. त्यापुढे मेणाचे मुखवटे आणि लाल रंगाच्या बादल्या म्हणजे पोरखेळ. 

पोरखेळ म्हटलं खरं, पण तो खेळ मी मनापासून खेळले आहे. १९८५ साली लग्न होऊन वाशीला आले. सिडकोच्या दोन खोल्या, सासूबाई, आम्ही दोघं. यांची नोकरी मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे, हिशेबाची. तेव्हा वाशीला लोकल नव्हती, ती १९९२ ला आली. संध्याकाळ झाली की खाडीकडून वारा आणि काळोख, बाकी काही नाही. महिन्यातून एकदा बिल्डिंगमधली पाच घरं मिळून व्हीसीआर भाड्याने आणायची, रात्रभरासाठी तीन कॅसेटी. दोन सगळ्यांच्या, म्हणजे एक देवाधर्माची आणि एक कौटुंबिक. तिसरी बारानंतरची. ती रामसे बंधूंची.

‘पुराना मंदिर’ मी तिथे पाहिला. सिनेमा १९८४ चा. सामरी नावाचा राक्षस, त्याचं धड एकीकडे पुरलेलं आणि मुंडकं दुसरीकडे पेटीत. काम करणारा नट अनिरुद्ध अग्रवाल मुळात इंजिनिअर, आणि त्या चेहऱ्याला मेकअपची गरजच फारशी नव्हती. मध्येच जगदीपचा ‘शोले’ची नक्कल करणारा विनोदी भाग येतो. त्याचा कथेशी काडीचा संबंध नाही, पण तेवढ्यात मुलांना पाणी देऊन यायला बरं. एकूण रामसेंचा सिनेमा म्हणजे आपल्याकडच्या लग्नाचं जेवण. सगळं एकाच पानात, वरणात जिलबी गेली तरी कुणी बोलायचं नाही.

मला खरं कौतुक त्यांच्या घराचं. वडील एफ. यू. रामसे, मूळ रामसिंघानी, कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीनंतर मुंबई. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. पण मुलांच्या लक्षात आलं की त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढ्या प्रसंगासाठी लोक पुन्हा तिकीट काढतायत. गिऱ्हाईक काय मागतंय हे पडलेल्या मालातून ओळखणं, याला धंदा म्हणतात. १९७२ ला महाबळेश्वरला जाऊन ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ केला आणि पुढची वीस वर्षं भूत हाच घरचा व्यवसाय. सात भाऊ. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण आवाज, कुमार लेखन, बाकीच्यांकडे उरलेली कामं. सात भाऊ एका धंद्यात इतकी वर्षं राहिले, हीच मला त्यांच्या सिनेमांपेक्षा मोठी अद्भुत गोष्ट वाटते. माझा आवडता भाऊ किरण. दाराची कडी, वाऱ्याने आपटणारी खिडकी, लांबून येणारं कुत्र्याचं रडणं, हे सगळं त्याच्या खात्यातलं. ‘वीराना’ची गाणी बप्पी लाहिरींची, आणि ती चक्क चांगली आहेत, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

त्या बारानंतरच्या कॅसेटीच्या वेळी सासूबाई आतल्या खोलीत, मध्ये पडदा, हातात जपमाळ. हे माझ्या शेजारी. यांचं एक होतं, भयानक काही येणार असं वाटलं की हे डोळे घट्ट मिटायचे आणि माझ्या हाताला धरून विचारायचे, “गेलं का?” मी म्हणायचे, “गेलं.” मग डोळे उघडायचे. कधी कधी मी गेलं नसतानाच गेलं म्हणायचे. मग दोन दिवस अबोला.

एकदा सकाळी तांदूळ निवडताना सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, “त्या मुलीचं मग काय झालं गं?” मी गारच. पडद्यामागून सगळं ऐकलेलं! मी भीत भीत विचारलं, तुम्हाला चालतं का हे? त्यांनी बोटांवर व्यंतर देवांचे आठ प्रकार मोजून दाखवले. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायातले. किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत, पिशाच. मग म्हणाल्या, “गंधर्व आणि भूत एकाच घरचे. एकाचं ऐकायला मिरजेत दर्ग्यात जायचीस, आता दुसऱ्याचं ऐकतेस.” पुढे म्हणाल्या, “पण ते धड एकीकडे नि मुंडकं एकीकडे, दोनशे वर्षं वाट बघणारं, ते खोटं हं. जीव असा थांबून राहत नाही. चौथ्या समयाच्या आत पुढच्या जन्माला पोचतो.” आणि तांदूळ निवडायला लागल्या.

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. ते माझ्याकडे पुढे परत आलं, ते सांगते.

मधल्या वर्षांचं थोडक्यात. राम गोपाल वर्मांचा ‘रात’ (१९९२) मला रामसेंपेक्षा वरचा वाटतो, कारण त्यात रेवतीचं घर आपल्यासारखं साधं आहे. त्यांच्याच ‘भूत’मध्ये (२००३) एकही गाणं नाही, ते धाडस आवडलं, सिनेमा जरा कमी. ‘झपाटलेला’ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, तो मी भुतात धरत नाही, तो बाहुल्यात. माणसं कापत सुटण्याचे परदेशी सिनेमे नातवंडांच्या फोनवर दिसतात ते मी बघत नाही. तिथे भीती नसते, खाटीकखाना असतो.

आणि मग ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा, १२ ऑक्टोबर २०१८ ला लागलेला. आम्ही दोघांनी वाशीला पाहिला. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, कल्पनेची मुळं नारायण धारपांच्या गोष्टीत, सोहम शाह नायक, आणि कित्येक पावसाळे थांबून खऱ्या पावसात चित्रण केलेलं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की विनायक नावाचा माणूस दोराला लोंबकळत विहिरीत उतरतो. खाली हस्तर नावाचा शापित, भुकेला देव. त्याला पिठाची बाहुली दाखवायची, तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या कमरेच्या सोन्याच्या मोहरा ओढायच्या आणि वर पळायचं. थोड्या मोहरा. मग पुन्हा. मग अजून एकदा.

मी खुर्चीत ताठ झाले. ही तर आमच्या बस्तीतली भिंत! विहीर, लोंबकळणारा माणूस, खाली आ वासलेलं तोंड, आणि एवढा एक थेंब. परिग्रहावर मी पन्नास प्रवचनं ऐकली असतील. एवढं पोटात खोल काही गेलं नव्हतं.

पण माझी खरी झोप उडवली ती त्या पिठाच्या बाहुलीने. यशोधर राजाची कथा आठवा. आई चंद्रमती बळी दे म्हणते, तो जीव मारायला तयार नाही, मग तोडगा निघतो की पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यायचा. पिठाचाच! तरीही मायलेक दोघं कितीतरी जन्म पशुपक्षी होऊन एकमेकांच्या वाट्याला येत, मारले जात फिरतात. कारण हात पिठावर चालला तरी मनात कोंबडाच होता. आता ताईंच्या प्रश्नाचं टोक बघा. पिठाच्या कोंबड्याचं पाप लागतं, तर पडद्यावरच्या सावलीचं का लागू नये? कृत नाही, कारित नाही, पण अनुमोदना? चाळीस वर्षांत कधी राक्षसाचा वार बसला आणि मी मनात “बरं झालं” म्हटलं नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का? नाही येत. ‘पुराना मंदिर’च्या वेळी तर पाचही घरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ही रक्कम माझ्या नावे आहे, ती मी मान्य करते.

२०१९ च्या डिसेंबरात, १५ तारखेला, यू-टू हा आयर्लंडचा बँड डी. वाय. पाटीलला आला. आम्ही तोवर नेरूळला राहायला आलो होतो. तिकिटं काढली नव्हती, पण गच्चीवर आवाज येतो. क्रिकेटचासुद्धा येतो, आयपीएलची पहिली फायनल २००८ ला इथेच झाली तेव्हापासून आमच्या बिल्डिंगला सवय आहे. लवकर जेवून, शाली घेऊन आम्ही दोघं गच्चीवर बसलो. त्या रात्री ए. आर. रहमान त्यांच्या मुलींसह आले होते आणि ‘अहिंसा’ नावाचं गाणं झालं. त्याची सुरुवात तमिळ कुरळमधल्या शब्दांनी होते, आणि कुरळचे कर्ते जैन आचार्य होते असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मानतात. हे मी यांना नंतर पेपरात वाचून दाखवलं. गच्चीवर काय, वाऱ्याबरोबर धपधप आणि मधेच एखादी आलाप यावी तशी लकेर. हे म्हणाले, पुढच्या वेळी आत जाऊ.

मे २०२१ ला हे गेले. रात्री अडीचला हॉस्पिटलमधून फोन आला. आपल्याकडे सात भयं सांगितलीत, त्यातलं शेवटचं अकस्मात भय. फोनची ती रिंग मी बदलून टाकली तरी कुणाच्याही फोनवर तशी वाजली की अजून हात थंड पडतात. सिनेमातली भीती अनामत रकमेसारखी असते, अडीच तासांनी दिवे लागले की पूर्ण परत मिळते. ही परत मिळाली नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी एकही भुताचा सिनेमा पाहिला नाही. घरच्यांना वाटलं भीती वाटत असेल. भीती नव्हती. लिहायला अवघड जातंय, तरी लिहिते. भुताच्या सिनेमात गेलेलं माणूस घर सोडत नाही. कडी वाजवतं, खुर्ची हलवतं, नाव घेऊन हाक मारतं. आणि मला सासूबाईंचं वाक्य पाठ होतं. चौथ्या समयाच्या आत. म्हणजे मला फोन येण्याच्याही आधी हे कुठेतरी पोचलेले होते, नवं शरीर, नवी आई. माझी त्यावर श्रद्धा आहे. तरीही रात्री स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मी उठून बघायचे, आणि मांजर दिसली की मला वाईट वाटायचं. अशा अवस्थेत तसले सिनेमे बघणं बरं नव्हे, हे माझं मलाच कळत होतं. ताई, दुःश्रुती म्हणायचंच असेल तर मी हिला म्हणेन. खोटं आहे हे पक्कं माहीत असलेली गोष्ट दोन तास तरी खरी असावी असं वाटत बसणं.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला. तारीख १३, म्हणजे दशलक्षणातली सुगंध दशमी, उत्तम संयमाचा दिवस! माझी परीक्षा घ्यायलाच लावला होता जणू. क्षमावाणी होईपर्यंत थांबले, रोज वर्तमानपत्रात बघत होते की उतरला तर नाही. उतरला कुठला, पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला त्याने जास्त पैसे मिळवले. दुपारच्या खेळाला एकटी गेले. विनायक दोराने खाली उतरायला लागला, आणि पुढचं मला माहीत असल्यामुळे की काय, तो प्रसंग संपला तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, “गेलं.” शेजारी एक कॉलेजचा मुलगा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पॉपकॉर्न पुढे केलं. मी नको म्हटलं. पण बरं वाटलं.

त्याच महिन्यात मुलाने कोल्डप्लेची तिकिटं काढली. लाखोंची रांग, तीही फोनवर, आणि त्याला तीन मिळाली. मग त्याचंच ऑफिसचं काम निघालं आणि माझा नंबर लागला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून स्टेडियमजवळ गाडीतच पावणेसहाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घेतली, पाणी प्यायले आणि त्याग घेतला. नात म्हणाली, आजी, सगळे इथे रात्री दहाला पिझ्झा खाणार आहेत. म्हटलं, खाऊ देत, मी मिरजेची आहे.

आधी जसलीन रॉयल गायली, मग ते चौघे आले. माझं मत विचाराल तर शब्द मला अर्धेच कळतात आणि ख्रिस मार्टिनचा गळा काही गवयाचा नाही. मंद्रात तो चाचपडतो. पण हजारो माणसांच्या मनगटावरचे पट्टे एकदम पिवळे होतात, एकदम निळे, आणि आपला हातही त्यात असतो. नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तो पट्टा जाताना परत करायचा असतो. वापरा आणि ठेवून जा. एवढ्या गर्दीला अपरिग्रह शिकवायची ही युक्ती मंडळाने उचलायला हरकत नाही. एका गाण्याला त्याने सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितलं, तेव्हा तर मला तो आमच्या पाठशाळेतल्या गुरुजींसारखाच वाटला.

आणि मग ‘फिक्स यू’. सुरुवातीला ऑर्गनसारखा एक लांब सूर आहे. मला मिरजेचा तंबोरा आठवला. नातीने आदल्या दिवशी त्याची गोष्ट सांगितली होती. त्याच्या सासऱ्यांनी एक कीबोर्ड विकत घेतला आणि लगेच ते वारले. तो तसाच पडून होता, कुणी चालूसुद्धा केला नव्हता. बायको वडिलांच्या दुःखात, आणि जावयाने तो कीबोर्ड चालू केला तर त्यातून हा सूर आला, म्हणून हे गाणं झालं. म्हणजे बघा, गेलेल्या माणसाची वस्तू, आणि त्यातून आवाज. रामसेंनी यावर सिनेमा काढला असता तर रात्री बारानंतर कीबोर्ड आपोआप वाजला असता. इथे तो माणसाने वाजवला. सूर तोच.

मी रडले हे नातीने पाहिलं नाही, ती नाचत होती. फोटोत तोंड उघडं आहे ते त्याच्यानंतरचं.

ग्रुपवर मी ताईंना उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी फोन केला आणि वर लिहिलं त्यातलं बरंचसं सांगितलं, पिठाच्या कोंबड्यापासून. चातुर्मासात, अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्वात हे काही बघणार नाही असा नियम मी घेतला आहे, तेही सांगितलं. त्यांनी तो पुरेसा नाही म्हटलं. म्हणाल्या, दुःश्रुतीला तिथी नसते. ते मला खोडता आलं नाही. मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटी विचारलं, “त्या ‘महल’मध्ये मारामारी आहे का?”

नाही म्हटलं. गाणी आहेत.

बुधवारी दुपारी दोनला येतायत. सव्वापाचपर्यंत संपेल, म्हणजे जेवण वेळेवर होईल. खिडक्यांचे पडदे ओढायचे नाहीत असं त्यांनी बजावून ठेवलंय.